आमचे कालकथित कैलासवासी कोणी केले?

गेल्या पावसाळ्यात एका यंत्राने माझ्या आजोबांना कैलासात पाठवलं. एकट्या आजोबांना नव्हे, आमच्या वाडीतल्या चौदा मयत माणसांना, एकाच दमात, पाच-सात सेकंदांत.

हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी प्रोग्रॅमर आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि घर म्हणजे भाट्ये. रत्नागिरी शहरातून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूबन लागतं, नारळ संशोधन केंद्र लागतं, तेच भाट्ये. पर्यटक किनाऱ्यावर येतात, फोटो काढतात, जातात. मी आणि काकी राहतो ते काकांनी हप्त्या-हप्त्याने बांधलेल्या दोन खोल्यांत. हवा इतकी खारी की लॅपटॉपचे स्क्रूसुद्धा गंजतात.

काका शहरातल्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. टायपिंगची मराठी तीस आणि चाळीसची परीक्षा त्यांनी गोदरेजच्या मशीनवर दिली होती, पुढे दुकानात कॉम्प्युटर आला आणि ते पेजमेकर शिकले. दिवसा ते गावोगावच्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल जुळवायचे. रात्री, मालकाची परवानगी काढून, आपल्या लोकांचं काम. जयंतीचं पत्रक, वर्षावासाचा कार्यक्रम, मंगल परिणयाची पत्रिका, जलदान विधीचं कार्ड. आमचं मूळ गाव लांजा तालुक्यात. तिथल्या बौद्धवाडीची गावशाखा आणि मुंबई शाखा यांचे बरेचसे कागद काकांच्याच हातून गेले.

त्या दुकानात पत्रिकेचा एक तयार साचा होता. नवी फाइल उघडली की वर गणपती आणि 'श्री गणेश प्रसन्न' आधीच बसलेलं असायचं. आपल्या पत्रिकेसाठी काका दर वेळी गणपती काढायचे, बुद्धाचं चित्र बसवायचे, 'शुभविवाह' खोडून 'मंगल परिणय' लिहायचे, 'कै.' खोडून 'कालकथित'. मी शाळेतून त्यांच्याकडे जाऊन बसायची. एकदा विचारलं, "काका, आपला वेगळा साचा करून का नाही ठेवत?" म्हणाले, "केला होता. मालकाने पुसला. म्हणाला, जागा खातो."

त्या साच्याला आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट' म्हणतात. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर यंत्र जे गृहीत धरतं, ते. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली आहे, की कोणत्याही प्रणालीत खरा निर्णय डिफॉल्ट ठरवणाऱ्याचा असतो. बाकीच्यांना 'बदलण्याची मुभा' असते. म्हणजे काहींनी काहीच करायचं नाही, आणि काहींनी रोज रात्री बसून गणपती काढायचा.

दुकान बंद झालं तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात काकांना एक पेंटियम मशीन मिळालं. 32 एमबी रॅम, विंडोज 98, आणि एका बिस्किटाच्या डब्यात तेवीस फ्लॉप्या. काका गेल्यावर तो डबा माळ्यावर पडून होता. मागच्या वर्षी आमच्या मुंबई शाखेच्या माणसांचा फोन आला, की विहार बांधला त्या वर्षीचा, 1997 चा अहवाल कोणाकडे आहे का? विहाराच्या जागेवरून काही प्रश्न निघाला होता आणि कोणी किती दिलं, दगड कुठून आला, श्रमदान कोणी केलं, हे सगळं त्या अहवालात होतं. छापील प्रत काकीकडे एकच होती आणि तिची निम्मी पानं वाळवीने खाल्लेली. मी म्हटलं, फ्लॉपीत असेल. प्रोग्रॅमर आहे ना मी.

मशीन चालू झालं. तारीख 1980 सालातली दाखवत होतं, कारण आतली बॅटरी मेलेली. पण चालू झालं. ज्यांना जुन्या कॉम्प्युटरचं वेड आहे त्यांना तो आवाज कळेल, फ्लॉपी ड्राइव्हची ती घरघर. मीही दोन मिनिटं हरखले. मग मराठी सॉफ्टवेअर उघडायला गेले आणि ते उघडेना. त्या काळी मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लॉक असायचं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायची एक डबी. ती नसेल तर सॉफ्टवेअर हलायचं नाही. डबी डब्यात होती, पण खाऱ्या हवेने तिच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

इथे एक बाजूची गोष्ट. आमच्या धंद्यात सध्या जुन्या यंत्रांचं आणि 'मिनिमल' सॉफ्टवेअरचं मोठं कौतुक आहे. जुना थिंकपॅड घ्यायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं ठेवायची, आणि म्हणायचं की पूर्वी कसं सगळं साधं, शुद्ध, माणसाच्या ताब्यात होतं. मला हे ऐकलं की गावाचे गोडवे गाणारी माणसं आठवतात. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी त्या गोडव्यांचा कसा समाचार घेतला हे तुम्हाला सांगायला नको. स्वयंपूर्ण गाव कोणासाठी स्वयंपूर्ण होतं, आणि वाडी कुठे होती? तसंच, नव्वदीतला साधा कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात होता? काकांच्या तर नव्हता. लॉक मालकाच्या खिशात असायचं.

असो. मी यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. कोकणातल्या फ्लॉप्या म्हणजे आत चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. कव्हर सरकवून, कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, एकेक पुसली. तेवीसपैकी सोळा पूर्ण वाचता आल्या, चार अर्धवट, तीन नाहीच. अहवाल सापडला. उघडला, तर रोमन अक्षरं, कंस, डॉलर, टक्क्यांची चिन्हं, अशी खिचडी.

तरुण वाचकांसाठी सांगते, कारण तुम्ही युनिकोडच्या जमान्यात वाढलात. त्या वेळच्या मराठी फाइलीत मराठी नसायचंच. फाइलीत रोमन अक्षरांचे आकडे असायचे आणि फॉन्ट त्या आकड्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मराठी गेली. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, एकाचा 'क' दुसऱ्याकडे कानाही असेल. आणि हे अज्ञानातून झालेलं नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेत, 'इस्की', भारतीय मानक म्हणून 1991 मध्येच ठरला होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या रूपावरूनच घेतलेली. म्हणजे रस्ता होता. पण बाजारात चालले ते ज्याचे त्याचे मुखवटे, कारण एकदा तुमच्या दहा वर्षांच्या फाइली माझ्या मुखवट्यात अडकल्या की तुम्ही जाणार कुठे?

मग मी तेच केलं जे आज कोणीही करेल. सगळी खिचडी उचलली आणि एका मोठ्या कंपनीच्या एआयला दिली. म्हटलं, हे जुन्या मराठी फॉन्टमधलं आहे, वाचून दे.

दिलं की हो! पाच-सात सेकंदांत, सुंदर, गुळगुळीत मराठी. अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांची यादी, जमाखर्च. मी काकीला हाक मारली, मोठ्याने वाचायला लागले. देणगीदारांच्या यादीपाशी काकी म्हणाली, "थांब. काय बोललीस? कैलासवासी?"

मी परत वाचलं. 'कैलासवासी' अमुक 'यांच्या स्मरणार्थ 101 रुपये.' माझे आजोबा.

"तुझा काका असं लिवायचा नाय," काकी म्हणाली. तिने आतून वाळवीचा अहवाल आणला. ते पान शाबूत होतं. छापलं होतं, 'कालकथित'. चौदा ठिकाणी 'कालकथित', आणि यंत्राने चौदाही ठिकाणी 'कैलासवासी' केलं होतं. आणखी पाहिलं तर मनोगतात एका जागी 'बुद्धविहाराचे' होतं त्याचं 'बुद्ध मंदिराचे' झालेलं.

यंत्राचा आमच्याशी काही वैरभाव नाही, हे मला माहीत आहे. ते कसं चालतं हेही माहीत आहे. त्याला जे पोसलं गेलं त्यात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द जास्त वेळा आला, यावरून ते पुढचा शब्द ठरवतं. माझ्या खिचडीत जिथे त्याला नीट कळलं नाही तिथे त्याने अंदाज केला. मेलेल्या माणसाच्या नावाआधी मराठीत बहुतेक वेळा काय येतं? कैलासवासी. झालं. 1956 नंतर आपल्या आज्या-आजोबांनी पत्रिकेपासून मयताच्या कार्डापर्यंत एकेक शब्द जाणूनबुजून बदलला, स्वर्ग नाकारला, कैलास नाकारला, त्यासाठी नातेवाइकांशी आणि दुकानदारांशी वाद घातले. आणि एवढं सगळं त्या यंत्राच्या हिशेबात 'कमी वेळा येणारा शब्द' एवढंच ठरलं. काकांच्या दुकानातला गणपती निदान दिसत तरी होता. दिसला की काढता यायचा. हा साचा दिसतच नाही.

हे फक्त माझ्या घरचं रडगाणं नाही. 2023 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा भाषा-यंत्रांना भारतीय संदर्भातली वाक्यं देऊन तपासलं. बहुतेक यंत्रं जात आणि धर्म यांबाबत ठरीव पूर्वग्रहाची वाक्यं पसंत करत होती, आणि लिंग व वंश हे पाश्चात्त्य देशांत नेहमी तपासले जाणारे पूर्वग्रह त्या मानाने कमी होते. अर्थ उघड आहे. जिथे कोणीतरी आरडाओरडा केला तिथे दुरुस्ती झाली. जातीबद्दल त्या कंपन्यांच्या दारात ओरडणारे आपण पुरेसे नाही. आणि यंत्राने वाचायचं तरी काय? मराठी विकिपीडियावर लाखभर लेख, इंग्रजीत सत्तर लाख. त्या लाखात वाडीचे अहवाल, मंडळांची पत्रकं, जयंतीच्या स्मरणिका कुठून असणार? त्या माळ्यावर आहेत, मुखवटे चढवून, बुरशी धरून.

शिवाय आपली भाषा या यंत्रांना महाग पडते. 'जय भीम' ही सहा चिन्हं, मधली मोकळी जागा धरून. इस्कीत सहा बाइट लागायचे. आजच्या यूटीएफ-8 मध्ये सोळा, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. एआयवाले मजकुराचे तुकडे मोजून पैसे लावतात, आणि त्याच आशयाचे मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बांधताना आपण तिथे नव्हतो, एवढंच.

मग मी स्वतः बसले. रात्री कंपनीचं काम संपल्यावर, आठवडाभर. छापील पानं आणि फाइलीतले आकडे शेजारी ठेवून एक तक्ता केला, कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर. साध्या मजकुराची फाइल, एका ओळीत एक जोडी, 190च्या आसपास ओळी. त्यावर पायथनमधला छोटा प्रोग्रॅम. अवघड जागा दोनच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. आणि रफार उलटा, जुन्यात शेवटी, नव्यात आधी. 'धर्म' लिहिताना काका ध, म आणि मग वर रफार देत. आज यंत्राला ध, मग र, मग म असं सांगावं लागतं. खरं सांगायचं तर या अदलाबदलीचा पहिला मसुदा मी एआयकडूनच लिहून घेतला. माझे दोन दिवस वाचले. तो मी ओळ न् ओळ वाचला, दोन चुका काढल्या, आणि मगच वापरला. वाचता येण्याइतका तो लहान होता म्हणूनच हे जमलं.

मिनिमल सॉफ्टवेअरचा मुद्दा मला इथे कळला, त्याआधी नाही. निकलाउस विर्थ नावाचे स्विस संगणकशास्त्रज्ञ होते, 2024 च्या पहिल्याच दिवशी वारले. 1995 मध्ये त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला होता, त्यात तक्रार अशी की यंत्रं जेवढी वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं. कॉलेजात वाचला तेव्हा मला तो फार आवडला. नंतर या विचाराभोवती जमलेली मंडळी पाहिली आणि मी जरा लांब झाले. कमी वस्तूंत राहायचं, कमी सॉफ्टवेअर वापरायचं, हा ज्यांचा छंद आहे त्यांच्याकडे सहसा दुसरं घर असतं. आमच्याकडे चार भांडी आणि एक वळकटी होती, तेव्हा कोणी त्याला जीवनशैली म्हटलं नाही. गंमत म्हणजे 'डॅम स्मॉल लिनक्स' नावाची प्रणाली 50 एमबीत बसायची म्हणून गाजली होती. ती 2024 मध्ये परत आली ती 700 एमबीची. लहानपणाची व्याख्याही महागाईने वाढते.

पण माझा 190 ओळींचा तक्ता वेगळा आहे. त्याला मराठी येत नाही, सरावाचा शब्द कोणता हे माहीत नाही, आणि म्हणून तो 'कालकथित'ला 'कालकथित'च म्हणतो. जिथे त्याला कळत नाही तिथे तो अंदाज न करता एक चौकोन टाकतो. मग मी काकीला विचारते, "हे काय असेल?" मला त्याचं अज्ञान हवं आहे. आमच्या कागदांवर ज्याचं काही मत नाही असं सॉफ्टवेअर हवं आहे.

हा फरक पंधरा रुपयांवरून आणखी पक्का झाला. माझ्या प्रोग्रॅमने काढलेल्या यादीत एकूण जमा 41,265 होती. मी बेरीज केली, भरली 41,250. छापील पानावरही 41,265च. मग आठवून एआयने दिलेला मजकूर पाहिला, तर तिथे 41,250! यंत्राने न सांगता बेरीज 'सुधारली' होती.

काकीला विचारलं. ती म्हणाली, "ती चूक नाय गो बाय. कुणबीवाडीतला एक जण रातच्याला येऊन पंधरा रुपये देऊन गेलेला. नाव लिवू नका बोलला. कळलं असतं तर त्येला वाळीत टाकला असता." सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा, अमलात आला 2017 मध्ये. ही गोष्ट 1997 ची. मी भारावून गेले आणि लगेच मुंबई शाखेच्या जुन्या खजिनदारांना फोन लावला. ते हसले. "कसला कुणबी नि कसलं काय. तुझ्या काकाची टायपिंगची चूक आहे ती. त्यावरून परळला बैठकीत दोन तास भांडलो आम्ही!"

आता खरं कोणतं? मला ठरवता आलेलं नाही. काकी अजून आपल्या म्हणण्यावर ठाम आहे, खजिनदार त्यांच्या. पण ते पंधरा रुपये जागेवर असल्यामुळेच हा वाद होऊ शकतो. यंत्राच्या स्वच्छ मजकुरात ना तो रात्री येणारा माणूस उरतो, ना काकांची चूक, ना परळचं भांडण.

काही मित्र म्हणतात, मग एआय वापरूच नका. मला ते पटत नाही. माझा मावसभाऊ शिष्यवृत्तीची पत्रं त्यावर लिहून घेतो, माहिती अधिकाराचे अर्ज करतो. साहेबी इंग्रजी जे पूर्वी वकिलाकडे विकत मिळायचं ते त्याला फुकट मिळतं. ते त्याने का सोडावं? दुसरे मित्र म्हणतात, मग आपलं सगळं साहित्य नेटवर टाका, यंत्राला खरं शिकू द्या. हे ऐकायला बरोबर वाटतं, आणि इथेच मी अडले आहे. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती म्हणजे आमचाच जिल्हा. आजी सांगायची, पीक आमचं, पण किती आलं हे खोताच्या वहीत. आज आपण रात्री जागून आपला दस्तऐवज युनिकोडमध्ये आणायचा, तो कंपन्यांनी न विचारता उचलायचा, आणि त्यावरून शिकलेलं यंत्र आपल्यालाच महिना अमुक रुपयांनी विकायचं. न दिलं तर यंत्र आपल्याविषयी दुसऱ्यांच्या शब्दांत बोलणार. दिलं तर वही पुन्हा त्यांचीच.

'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला तेव्हा तरी दुसऱ्यांचे छापखाने आणि दुसऱ्यांची पत्रं काही थोडी नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःचं पत्र काढलं, पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. 1936 मध्ये लाहोरच्या मंडळाला भाषण पचेना, तेव्हा 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या 1,500 प्रती त्यांनी स्वखर्चाने काढल्या. त्यांनी छपाईचं यंत्र नाकारलं नाही, आणि मजकूर दुसऱ्याच्या हाती सुधारायलाही दिला नाही. त्या वाक्यांना हात लावू द्यायचा नाही, एवढ्यावरून अध्यक्षपद सोडलं.

मी सध्या मधला मार्ग काढला आहे आणि तो पुरेसा आहे असं मला वाटत नाही. तक्ता आणि प्रोग्रॅम खुला ठेवणार आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. अहवालातलं मनोगत, विहाराचा इतिहास, श्रमदानाची हकीकत सार्वजनिक होईल, 'कालकथित' या शब्दासकट. देणगीदारांची यादी नाही. त्यात जिवंत माणसांची नावं आणि त्यांनी दिलेले अकरा-अकरा रुपये आहेत, ते कोणाच्या यंत्राला खायला घालायचे नाहीत. ती साध्या मजकुराच्या फाइलीत, एक प्रत गावशाखेकडे, एक मुंबई शाखेकडे. काकीने पेन ड्राइव्ह घ्यायला नकार दिला. तिला कागद हवा होता, मोठ्या अक्षरात. छापून दिला. तिने आधी पंधरा रुपयांची ओळ तपासली आणि मग तो गोधडीच्या घडीत ठेवला.

उरलेल्या तीन फ्लॉप्यांपैकी एकीवर काकांच्या अक्षरात फक्त '14 एप्रिल' लिहिलेलं आहे, साल नाही. ती अजून वाचता आलेली नाही. दुसरी ड्राइव्ह मिळवायच्या प्रयत्नात आहे. तुमच्या तालुक्यात कोणाच्या काका-मामांचं डीटीपीचं दुकान होतं, मंडळाच्या स्मरणिका तिथे जुळत होत्या, तर या पावसाळ्याआधी माळा तपासा. फ्लॉपी सापडली तर आधी कॉम्प्युटरमध्ये घालू नका, कव्हर सरकवून चकतीवर पांढरं काही दिसतंय का ते बघा. दिसलं तर तशीच कोरड्या डब्यात ठेवा आणि मला कळवा. आणि छापील प्रत असेल, एक पान का असेना, तर ती जपा. त्याच्याशिवाय तक्ता जुळत नाही.